कमाल मर्यादा

नमुना अर्ज, पान चार, रकाना अकरा:
‘एका डावास द्यावयाच्या बक्षिसाची कमाल रक्कम.’
पुढे ठिपके.
ठिपक्यांवर मी आकडा लिहिते, खाली अक्षरी,
आणि शेवटी ‘फक्त’.
‘फक्त’शिवाय सरकारी आकड्याचं तोंड मिटत नाही.

कलेक्टर कचेरी, नाशिक, करमणूक शाखा.
सर्कस आता येत नाही, तंबू क्वचित.
उरलेत ते पत्ते.

अर्जदार कोठावदे. द्वारकेजवळ टायरच्या दुकानावर हॉल,
सहा टेबलं, आग विझवण्याचा दाखला सोबत जोडला आहे.
मॅडम, पोकर हा बुद्धीचा खेळ.
मग बुद्धीला परवाना कशाला लागतो, मी विचारते.
ते हसतात. कुठल्याशा निकालाची झेरॉक्स पुढे सरकवतात,
‘कौशल्य’ या शब्दाखाली हिरवी रेघ.

कौशल्य कुठे संपतं नि नशीब कुठून लागतं
हे मी ठरवायचं, सोमवारपर्यंत.
मोजणीवाल्यांना निदान साखळी तरी देतात.

अण्णा नाशिकरोडला नोटांच्या छापखान्यात होते.
आत जाताना खिशातली चिल्लर गेटवर नोंदवायची,
दिवसभर न कापलेल्या नोटांचे तक्ते तपासायचे,
बाहेर पडताना तीच चिल्लर मोजून घ्यायची.
आई विचारायची, आज किती छापले?
ते म्हणायचे, बसचे तीन रुपये होते, आहेत.
मला वाटतं, मर्यादा हा शब्द
मी पहिल्यांदा त्यांच्या शर्टाच्या खिशात पाहिला.

तपासणीला गेले. रात्रीचे साडेनऊ, सोबत दोन पंच.
सगळं नियमात.
भिंतीवर माझ्याच अक्षरातला आकडा, लॅमिनेट केलेला,
त्याच्यापुढे उदबत्ती.
पत्ते वाटणारा पोरगा विशीतला. म्हणाला,
एका डावाला पाचशे, बरोबर. रात्रीला डाव किती,
ते कुठे लिहिलंय, मॅडम?
टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.
मी नियमपुस्तक चाळलं. पंचही वाकून बघू लागले.
मलाही माहीत नव्हतं.

मग एके दिवशी मंदाकिनी निरगुडे आल्या,
पाथर्डी फाट्याहून, दोन रिक्षा बदलून.
नवरा अंबडला फिटर.
साध्या कागदावर अर्ज, कोपऱ्यात कोर्ट फी तिकीट
नीट चिकटवलेलं, थुंकी लावून.
विषय: हरण्यावर मर्यादा घालणेबाबत.

जिंकण्याला घातलीत ना, म्हणाल्या, तशीच हरण्याला घाला.
बंद करा असं नाही म्हणत मी.
बंद केलंत तर ते गोव्याला जातील, एस.टी.चं भाडं वर.

किती घालू, मी विचारलं. का विचारलं, माहीत नाही.
पेन्सिल हातात होती.
त्यांनी बोटांची पेरं मोजली:
गॅस, पोरीचा क्लास, पतपेढी, सासूच्या गोळ्या,
पुन्हा गॅस.
महिन्याला साडेतीनशे.
मग थोडं थांबून, साडेतीनशे फार होतात का हो?

रकाना अकराच्या खाली मी बारीक अक्षरात लिहिलं:
अकरा (अ). हरावयाची कमाल रक्कम. ३५०.
अक्षरी तीनशे पन्नास फक्त.

फाइल वर गेली. नऊ दिवसांनी खाली आली.
लाल शाईत: ‘नियमात तरतूद नाही. पेन्सिल खोडावी.’
खोडली.
कोठावदेंचा परवाना एकतीस मार्चपर्यंत वैध.

नूतनीकरणाला ते आले, चष्मा वर सरकवून
कागदाशी नाक नेलं.
मॅडम, हे इथे खाली नुसतंच ‘फक्त’ कसलं?

मी शिक्का फुंकून कोरडा केला.
म्हटलं, सही त्याच्या बाजूला करा. त्याच्यावर नको.